सुट्टीच्या दिवसाची हौस

(चाकण येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



तुमच्यापैकी बरेच जण फर्स्ट शिफ्ट करून, घरी जाऊन, तोंडावर पाणी मारून इथं आला आहात. काही जण इथून थेट नाइटला जाणार आहेत. अशा श्रोत्यांपुढं कपडे, केक आणि सहली यांविषयी बोलायचं मी ठरवलं तेव्हा संयोजकांपैकी एकानं मला अगदी सरळ विचारलं, "ताई, हा व्याख्यानाचा विषय होतो का?" माझं उत्तर तेव्हाही हो होतं, आजही हो आहे. कष्ट करणाऱ्या माणसाच्या हौसेकडं आपण गंभीरपणे पाहत नाही, याचं मला वाईट वाटतं. त्याच्या पगाराचा हिशेब सगळे मांडतात, कर्जाचा मांडतात, त्याच्या व्यसनावर तर भरपूर बोलतात. त्याला आनंद कशात वाटतो, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

ज्या दिवशी आपण ही हौस करतो, तो दिवस आपल्याला आयता मिळालेला नाही. मुंबईच्या गिरण्यांत पूर्वी आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी ती मागितली. त्यांचं मूळ गाव आपल्या पुणे जिल्ह्यातलं कन्हेरसर. ते जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधु'चे संपादक. 1884 साली त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि मागण्यांचा अर्ज केला. त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. त्या मागण्या पाहा: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. पुढं 24 एप्रिल 1890 रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार बायकाही बोलायला उभ्या राहिल्या. त्यानंतर 10 जून 1890 रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

म्हणजे आपल्या आजच्या विकली ऑफच्या मागं इतकं सगळं आहे. चाकणच्या पट्ट्यात ही सुट्टी सगळ्यांना रविवारीच मिळते असंही नाही. कुणाची गुरुवारी, कुणाची शिफ्टप्रमाणं फिरती. नवऱ्याची एका दिवशी, बायकोची दुसऱ्या दिवशी, मुलांची शाळेप्रमाणं. तिघांचा मिळून एक दिवस जुळला, तर तो सण समजावा. अशा दिवशी काय करायचं, हा प्रश्न मला तरी लहान वाटत नाही.

कपड्यांपासून सुरुवात करते.

आपला आठवडा युनिफॉर्ममध्ये जातो. राखाडी किंवा निळा शर्ट, पायात सेफ्टी शूज. गाडीच्या लाइनवर काम करणाऱ्याला अंगठी, घड्याळ, कडं काढून ठेवावं लागतं, कारण धातू घासला की नव्या गाडीच्या रंगावर ओरखडा उठतो. पेंट शॉपमध्ये तर त्याहून कडक शिस्त. तिथं काम करणाऱ्यांनी डिओ, सेंट, केसांचं जेल लावून यायचं नाही. अशा पुष्कळ प्रसाधनांत सिलिकोन असतं. त्याचा अगदी सूक्ष्म अंश जरी पत्र्यावर पडला, तरी ओला रंग तेवढ्या जागेपासून मागं सरतो आणि वाळल्यावर तिथं खळगा दिसतो. एका माणसाच्या अंगाच्या वासापायी अख्खी बॉडी पुन्हा घासायला जाऊ शकते. नियम बरोबरच आहे, माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण वीस-बावीस वर्षांच्या पोरानं, अगदी नटण्यासजण्याच्या वयात, आठवड्याचे सहा दिवस बिनवासाचं, बिनदागिन्याचं राहायचं, हे लक्षात घ्या. मग सुट्टीच्या दिवशी तो अत्तराची कुपी उघडतो, भडक फुलांचा शर्ट घालतो, केसांवर अर्धा तास घालवतो. त्याला कुणी उडाणटप्पू म्हटलं की मला राग येतो. सहा दिवस तो कंपनीच्या मापानं राहिला, आज तो स्वतःच्या आवडीनं बाहेर पडतोय.

बायकांचंही तेच. वायरिंगच्या आणि असेंब्लीच्या कारखान्यांत आपल्या कितीतरी मुली काम करतात. केस टोपीखाली, हातात बांगडी नाही. शनिवारच्या बाजारात अशाच एका मुलीला खणाचं कापड निवडताना मी पाहिलं. गुळेदगुड्डचा खण, गर्द जांभळा, त्यावर बारीक बुट्टे. तो तिनं उन्हात धरला, उलटा करून पाहिला, काठ बोटांनी चाचपला, पुन्हा जागेवर ठेवला. दुसरीकडं जाऊन आली आणि शेवटी तोच घेतला. एका ब्लाउजचं कापड. साडी जुनीच नेसणार होती, पण ब्लाउज नवा, आणि तोही मनासारखा. एवढ्यानं जुनी साडी बदलून जाते. पूर्ण साडी घ्यायला ऐपत नाही म्हणून तिनं खण घेतला असंही नव्हतं. तिला तो खण आवडला होता. ती निवडत होती तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जी एकाग्रता होती, ती मी चांगल्या क्वालिटी इन्स्पेक्टरच्या चेहऱ्यावर पाहिलेली आहे.

आता आक्षेपाकडं येते, कारण तो तुमच्या मनात आला असणार. निम्मे लोक काँट्रॅक्टवर, उद्याची खात्री नाही, गावाकडं आईवडील, बहिणीचं लग्न, आणि तुम्ही अत्तराच्या गोष्टी सांगता? बरोबर आहे. म्हणून मी लहान हौसेबद्दलच बोलते आहे. मोठ्या हौसेनं घरं बुडालेली आपण पाहिली आहेत. पगाराच्या दुप्पट किमतीचा मोबाइल हप्त्यानं घेतलेला, आणि हप्ता फिटेपर्यंत काच फुटलेली. लग्नाचा हॉल कर्जानं. हे सगळं दुसऱ्यांच्या डोळ्यांत भरावं म्हणून केलेलं असतं आणि त्याची परतफेड वर्षानुवर्षं चालते. लहान हौस त्याच महिन्यात सुरू होते आणि त्याच महिन्यात फिटते.

माझं म्हणणं एवढंच की ही रक्कम पगाराच्या दिवशीच बाजूला काढा. घरभाडं, किराणा, गावी पाठवायचे पैसे, आणि त्याच यादीत हौसेचे. शंभर असोत, दोनशे असोत. महिनाअखेरीला उरलं तर हौस करू म्हणणाऱ्याच्या हाती काही उरत नाही, हे मी इतक्या घरांत पाहिलं आहे. आधी घर होऊ दे, मग मुलांची शिक्षणं होऊ देत, मग रिटायर झाल्यावर बघू, असं करत करत गुडघे जातात. मग गड चढायचा म्हटला तरी पाय वर उचलत नाहीत.

घरच्या केकबद्दल मला जास्त बोलायचं आहे. गेल्या काही वर्षांत आपल्या सोसायट्यांत आणि चाळींतसुद्धा केक करायची मोठी आवड आलेली दिसते. काही ज्येष्ठ मंडळी म्हणतात, हे आपलं नव्हे, परकं खूळ आहे. मला ते पटत नाही. भाजणं आपल्याकडं फार जुनं आहे. कोकणात धोंडस करतात. जून काकडी किसायची, रवा भाजून घ्यायचा, गूळ, ओलं खोबरं, वेलदोडा घालून शिजवायचं, मग जाड बुडाच्या भांड्यात थापून खाली मंद विस्तव आणि वर झाकणावर निखारे. भानोळ्याचीही हीच रीत. आणि ज्या भागातून तुमच्यातले पुष्कळ जण आले, त्या विदर्भात रोडगे करतात. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, राख झटकायची, फोडून तुपात बुडवायचे आणि वांग्याच्या भाजीबरोबर खायचे. खानदेशातली बट्टी घ्या. ओव्हन हे यंत्र नवं असेल, वरून आणि खालून आच देऊन पदार्थ फुगवण्याची विद्या आपल्या आज्यांच्या हातात होती.

भाड्याच्या खोलीत ओव्हन कुठून येणार? त्याची गरज नाही. कुकर घ्या. झाकणाची रबरी रिंग आणि शिटी काढून ठेवा. ही दोन्ही काढायलाच हवीत, कारण आत पाणी नसतं आणि हवेला बाहेर पडायला वाट लागते. तळाशी दोन बोटं जाडे मीठ पसरा. मीठ आच धरून ठेवतं आणि सगळीकडं सारखी पोचवतं, म्हणून केक खालून करपत नाही. त्यावर एक ताटली पालथी घाला आणि दहा मिनिटं तसाच तापू द्या. पीठ त्याआधीच कालवून ठेवा. रवा, दही, साखर, थोडं तेल, दूध. हे अर्धा तास मुरू द्यायचं. खायचा सोडा मात्र अगदी शेवटी. सोडा आणि दह्याचा आंबटपणा एकत्र आला की लगेच वायू सुटायला लागतो आणि त्याच बुडबुड्यांनी केक फुलतो. सोडा घालून गप्पा मारत बसलात, तर बुडबुडे निघून जातात आणि केक दडस होतो. डबा आत ठेवला की आच मंद. अर्धा तास तरी झाकण उघडू नका. मग सुरी खुपसून पाहा, कोरडी निघाली की झाला.

हे मी इतकं तपशिलानं सांगते, कारण या कामात एक वेगळं समाधान आहे. लाइनवर काम करणारा माणूस दिवसाला शेकडो वेळा एकच बोल्ट आवळतो. पूर्ण झालेली गाडी ट्रेलरवर चढून त्याच्या डोळ्यांदेखत रस्त्यानं निघून जाते, ती कुणाच्या दारात जाते हे त्याला कधी कळत नाही. केक मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्याचा. रवा त्यानं चाळला, वास त्याच्या खोलीत सुटला, आणि खाणारे समोर बसलेत. कॉटवर राहणारी चार पोरं एका मित्राच्या वाढदिवसाला कुकरमध्ये केक करताना मी बघितली आहेत. एक सारखा घड्याळाकडं बघत होता, दुसरा झाकणाला नाक लावून बसला होता. केक एका बाजूनं बसला. त्यांनी तो तसाच कापला आणि कणही शिल्लक ठेवला नाही.

एक विनंती आहे. कुणी चांगला केक केला की आपण पहिल्यांदा म्हणतो, "अगं, ऑर्डरी घ्यायला लाग." ज्यांना संसाराला हातभार लावायचा आहे त्यांनी जरूर घ्याव्यात, त्या कष्टांचा मला आदर आहे. पण प्रत्येक आवडीला लगेच धंद्याला जुंपू नका. दिवसभर टार्गेट पूर्ण करणाऱ्या बाईला संध्याकाळीही टार्गेट लावून द्यायचं का?

आता फिरण्याकडं वळू. आपल्या गावातच संग्रामदुर्ग आहे. 1660 साली फिरंगोजी नरसाळ्यांनी मूठभर माणसांनिशी शायिस्तेखानाच्या फौजेला जवळजवळ दोन महिने तिथं थोपवून धरलं. त्या भुईकोटापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर दहा-दहा वर्षं राहून तो न पाहिलेले लोक इथं आहेत. त्यांनी पुढच्या सुट्टीला तिथूनच सुरुवात करावी. शिवनेरी नाशिक रस्त्यानं साठ-पासष्ट किलोमीटरवर आहे. 2025 साली तो आणि लोहगड युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हापासून गर्दी वाढली आहे.

पण मला सांगायचं आहे ते कार्ल्याबद्दल. तिथल्या मोठ्या चैत्यगृहाच्या दाराशी थांबा. दगडात कोरलेली जोडपी आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. बाईच्या पायांत जाडजूड वाळे आहेत, हातभर बांगड्या, कमरेला मेखला. पुरुषाचं पागोटं बघा, कसं मुद्दाम बांधलं आहे. एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून, आनंदानं उभी आहेत. धर्माच्या जागी, अगदी उंबऱ्याशी, नटूनथटून उभी राहिलेली माणसं कोरावीत असं त्या लोकांना वाटलं. आणि त्या लेण्याला देणग्या कुणी दिल्या हे तिथल्या शिलालेखांत आहे. धेनुकाकट नावाच्या गावचा सिंहदत्त नावाचा एक गंधिक, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी, त्यानं दाराच्या कामाला दान दिलं. त्याच गावचा सामी नावाचा सुतारही तिथल्या कामात आहे. अत्तर विकून मिळालेल्या पैशातून त्या दाराचं काम झालं. आपल्या पेंट शॉपमधल्या पोरांनी सुट्टीच्या दिवशी अत्तर लावून त्याच दारातून आत जावं, असं मला मनापासून वाटतं. आत गेल्यावर मान वर करा, छताच्या कमानीला लाकडी फासळ्या आहेत.

खर्च म्हणाल तर फार नाही. तळेगाव स्टेशनपर्यंत दुचाकीनं किंवा बसनं जा, तिथून लोणावळा लोकल पकडून मळवलीला उतरा. एका अंगाला कार्ले, दुसऱ्या अंगाला भाजे आणि लोहगड. एका दिवसात तिन्ही करायचा अट्टहास नको, एकच निवडा आणि नीट पाहा. कार्ल्याला एकवीरेचं दर्शनही होतं. सकाळी लवकर निघा, कारण तळेगाव चौकातली कोंडी तुम्हाला मी सांगायला नको, आणि दुपारच्या वेळी लोकल विरळ असतात, परतीची वेळ आधी पाहून ठेवा.

जाताना डबा लागेलच, आणि इथं मला पुरुषांशी बोलायचं आहे. सहलीच्या दिवशी घरातली बाई पहाटे चारला उठते, पोळ्या लाटते, मुलांना आंघोळी घालते, पाण्याच्या बाटल्या भरते. संध्याकाळी परत येऊन तीच भांडी घासते. सहल सगळ्यांची झाली, तिला मात्र त्या दिवशी डबल ड्यूटी पडली. 1890 च्या त्या सभेत ज्या दोन बायका सुट्टी मागायला उभ्या राहिल्या, त्या गिरणीतून घरी जाऊन काय करत असतील याचा विचार करा. त्यांनी मागितलेली सुट्टी त्यांना स्वतःला किती मिळाली असेल? तेव्हा पुढच्या सहलीच्या आदल्या रात्री तुम्ही कणीक मळा, बटाटे उकडा. कुकरमधला केक मी आत्ताच सांगितला आहे, तोही तुम्हीच करा. आणि सकाळी ती नवा ब्लाउज घालून तयार होत असेल, तेव्हा बाहेरून "आवर लवकर" म्हणून हाका मारू नका. लोकल चुकली तर पुढच्या लोकलनं जा.