नगरच्या तटावरील एक ‘जर’



‘आत्याबाईला मिशा असत्या तर’ असें म्हणून आपण जर-तरची थट्टा करतों. परंतु त्याचा मोह विद्वानांनाहि आवरत नाहीं. लुई झोफ्रवा या फ्रेंच लेखकानें १८३६ सालीं एक कल्पित इतिहासच प्रसिद्ध केला. त्यांतला नेपोलियन रशिया जिंकतो, इंग्लंड जिंकतो, अखेर साऱ्या जगाचा सम्राट होतो आणि १८३२ सालीं वैभवाच्या शिखरावर देह ठेवतो. खरा नेपोलियन मात्र १८२१ सालींच सेंट हेलेना बेटावर बंदिवासांत वारला होता!

असाच एक ‘जर’ आमच्या नगरच्या वेशीशींहि उभा आहे. ८ ऑगस्ट १८०३ रोजीं जनरल वेलस्लीनें शिंद्यांच्या ताब्यांतील नगरच्या पेठेच्या तटाला शिड्या लावल्या. १२ तारखेला भुईकोट किल्ला त्याच्या हातीं आला. हाच पुढें ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला व १८ जून १८१५ रोजीं वॉटर्लूच्या रणांगणावर त्यानें नेपोलियनचा पराभव केला. मग नगरच्या तटावरील एखादी गोळी त्याला लागली असती तर?

कल्पना गोड, पण फसवी आहे. नेपोलियनचें कंबरडें १८१२ सालींच रशियांत मोडलें होतें, आणि वॉटर्लूला ब्ल्यूखरची प्रशियन फौजहि धांवून आली होती. एका सेनापतीच्या मृत्यूनें फ्रेंच साम्राज्य तरलें असतें, असें छातीठोकपणें कोण म्हणेल?

आपण विचारावयाचा ‘जर’ निराळा आहे. १५९६ सालीं चांदबिबीनें सुरुंगानें पडलेलें खिंडार रातोरात बुजवून हाच किल्ला मोगलांपासून राखला. त्यासाठीं वऱ्हाडावर पाणी सोडलें. १६०० सालीं तो पडला, तो घरच्याच दुहीनें तिचा बळी घेतल्यावर. १८०३ सालीं निराळें काय घडलें?  वसईच्या तहानें पेशवे इंग्रजांचे आश्रित झाले होते, होळकर त्या युद्धापासून अलिप्त राहिले होते, आणि वेलस्लीबरोबर पेशव्यांच्या पक्षाचे मराठे स्वारहि होते!

झोफ्रवाच्या सम्राटाचें राज्य लेखकाच्या लेखणीवर चाललें. वेलस्लीला लागावयाची गोळी दैवाच्या हातीं होती. आपसांतील एकी मात्र आमच्याच हातीं होती. म्हणूनच हा तिसरा ‘जर’ मनाला अधिक बोंचतो, आणि पुनःपुन्हां विचारण्याजोगाहि तोच आहे.