गावाचा धोका-नकाशा आणि प्राथमिक शिक्षक
(गणेशपुरी येथे शिक्षकांपुढे केलेले भाषण)



तानसा नदी, भोवतालचे डोंगर आणि गरम पाण्याची कुंडे यांमुळे गणेशपुरी यात्रेकरूंस रमणीय वाटते. शिक्षकाने मात्र या निसर्गाकडे आणखी एका दृष्टीने पाहिले पाहिजे. हीच नदी व हाच डोंगर कोणत्या दिवशी, कोणत्या घरास घातक ठरेल, हा प्रश्न त्याने आधीच विचारून ठेवावयास हवा.

दिनांक १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात, खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली व झोपेतील कुटुंबे तिच्याखाली गाडली गेली. दरडीचा धोका असलेल्या गावांच्या सरकारी यादीत त्या वाडीचे नाव नव्हते. यादी करणाऱ्यांस दूषण देण्यासाठी मी हे सांगत नाही. प्रत्येक पाड्याचा उतार दुरून तपासणे कठीण असते. पण तेथे रोज जाणारा शिक्षक तो पाहू शकतो. यादीत नाव नाही, म्हणून कोणी निर्धास्त राहू नये, एवढाच याचा बोध.

धोका मोजावयाचा कसा? तीन प्रश्न पुरेत. संकट कोणते? त्याच्या वाटेत कोण राहते? आणि सुटकेस वाट व वेळ किती? ओसाड माळावर दरड कोसळली तर हानी थोडी. तीच दरड झोपड्यांवर आली तर अनर्थ. म्हणून केवळ पाऊस मोजून भागत नाही, वस्तीही मोजावी लागते.

नदीचेच पाहा. आपल्या वरच्या अंगास, शहापूर तालुक्यात, १८९२ साली पुरे झालेले तानसा धरण आहे. ते भरून वाहू लागले म्हणजे येथे ऊन असतानाही पाणी चढू शकते. हे मुलांस ठाऊक हवे. पूर मागे कोठवर आला होता, हे त्यांनी आजी-आजोबांस विचारावे. वृद्धांस साल आठवत नसेल, तर कोणाच्या लग्नाच्या किंवा जन्माच्या वर्षी, असे विचारावे. सांगितलेली खूण जोत्यावर वा झाडावर पाहून नकाशात भरावी. शाळेच्या वाटेवरील ओढे व फरशीपूलही त्यात दाखवावेत.

डोंगराची लक्षणे निराळी. जमिनीस नव्या भेगा पडणे, झाडे व खांब कलणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे किंवा नव्या ठिकाणी पाझर फुटणे, यांपैकी काही दिसल्यास उद्यावर ढकलू नये. वस्ती हलवावी व तलाठ्यांस तत्काळ कळवावे.

येथील कुंडांमुळे पोटात ज्वालामुखी असल्याची भीती कोणी घालील. पावसाचे पाणी भेगांतून खोल जाते, तेथील उष्णतेने तापते व पुन्हा वर येते, हे मुलांस समजावून द्यावे. खोट्या भीतीचे निवारण हेही धोक्याच्या मोजणीचेच अंग आहे.

हे काम उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वी करावे. नकाशाची एक प्रत शाळेच्या भिंतीवर लावावी व दुसरी ग्रामसभेपुढे ठेवावी. दरवर्षी तो नव्याने तपासावा. कारण डोंगर तोच राहिला, तरी त्याच्या पायथ्याशी नवे घर उठलेले असते.

मुलांची हजेरी आपण रोज घेतो. पावसाळा संपल्यावरही त्या हजेरीतले एकही नाव कमी होऊ नये, यासाठी हा खटाटोप आहे.