ऐन बहरांतला संघ

मेलबर्न शहरांत हिवाळ्याच्या दिवसांत चार माणसें एकत्र बसलीं, तर बोलणें फुटबॉलवर यावयास फारसा वेळ लागत नाहीं. हें फुटबॉल म्हणजे मुंबईच्या कूपरेज मैदानावर खेळतात तें नव्हे. तें ऑस्ट्रेलियाचें स्वतःचें आहे आणि त्याची जन्मकथा क्रिकेटशीं निगडित आहे. हिवाळ्यांत क्रिकेट बंद पडतें, खेळाडूंचीं शरीरें सुस्तावतात. तीं ताजीं राहावींत म्हणून एखादा फुटबॉलचा क्लब काढावा, अशी सूचना टॉम विल्स नांवाच्या नामांकित क्रिकेटपटूनें १८५८ सालीं वर्तमानपत्रांत पत्र लिहून केली. पुढच्याच वर्षीं, मे महिन्यांत, मेलबर्न क्लबाच्या मंडळींनीं खेळाचे पहिले नियम कागदावर उतरविले.

ज्यांनीं हा खेळ पाहिला नाहीं त्यांच्यासाठीं एवढें सांगितलें पाहिजे कीं, तो क्रिकेटच्याच लंबवर्तुळाकार मैदानावर चालतो आणि प्रत्येक पक्षाचे अठरा गडी मैदानांत असतात. दोन्ही टोकांस चार-चार खांब रोंवलेले असतात. मधल्या दोन खांबांतून लाथेनें चेंडू पार गेला कीं गोल झाला, त्याचे सहा गुण. बाजूच्या खांबांतून गेला तर एकच गुण. चेंडू हातानें फेंकतां येत नाहीं, एका तळहातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीनें ठोसून सोबत्याकडे द्यावा लागतो. दुरून लाथेनें आलेला चेंडू जमिनीस लागण्यापूर्वीं झेलला, तर झेलणाऱ्यास निर्वेधपणें लाथ मारण्याचा हक्क मिळतो. या झेलास 'मार्क' म्हणतात, आणि तो घेण्यासाठीं गडी समोरच्याच्या पाठीवर गुडघा टेंकून असे कांहीं उंच उडतात कीं, पाहणाऱ्याचा श्वास क्षणभर थांबावा.

या खेळाच्या शौकिनांना एक जुना नाद आहे, तो म्हणजे सर्व काळांतल्या खेळाडूंमधून एक संघ निवडणें. खुद्द लीगनेंही हा उद्योग एकदां केला. व्हिक्टोरियन फुटबॉल लीगचा पहिला हंगाम १८९७ सालीं झाला. हीच संस्था १९९० पासून ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग या नांवानें चालते. आपल्या शंभराव्या हंगामाच्या निमित्तानें, १९९६ सालीं, तिनें 'शतकाचा संघ' जाहीर केला. त्यावर जो वाद सुरू झाला तो अद्याप मिटलेला नाहीं, आणि मिटावा अशी कोणाची इच्छाही दिसत नाहीं.

वादाचें मूळ असें कीं, त्या संघाची निवड एका मापानें झालेली दिसत नाहीं. गोल करणारा जो अगदीं पुढच्या टोकाचा गडी, ज्याला 'फुल फॉरवर्ड' म्हणतात, त्या जागेसाठीं कॉलिंगवूडचा गॉर्डन कॉव्हेंट्री होता. १९२० पासून १९३७ पर्यंत त्यानें ३०६ सामन्यांत १२९९ गोल केले. निवडकर्त्यांनीं त्याला बाजूस ठेवून एसेंडनच्या जॉन कोलमनला घेतलें, जो अवघे ९८ सामने खेळला होता. म्हणजे येथें त्यांनीं कारकीर्द मोजली नाहीं, बहर मोजला. परंतु इतर कित्येक जागीं वर्षांनुवर्षांची सेवाच मोजलेली आढळते. आणि तसें म्हणावें, तर ४०३ सामने खेळलेला रिचमंडचा केव्हिन बार्टलेट वगळलेला!

तेव्हां प्रश्न असा कीं, केवळ बहरावरच सगळा संघ निवडला तर काय होईल? आंब्याचें एक झाड तीस वर्षें बेताचें फळ देतें. दुसरें दोन-तीन वर्षें असें लगडतें कीं फांद्या मोडाव्या, आणि मग वठतें. कारकीर्दीच्या हिशेबांत पहिलें झाड जिंकतें. बहराच्या हिशेबांत दुसऱ्याला न्याय मिळतो, आणि या खेळांत दुसऱ्या जातीचीं झाडें फार आहेत, कारण हा खेळ गुडघे खातो.

पण बहर म्हणजे किती दिवसांचा? एका दिवसाचा धरला तर फ्रेड फॅनिंगला घ्यावें लागेल. १९४७ सालीं मेलबर्नच्या या धिप्पाड गड्यानें सेंट किल्डाविरुद्ध एकाच सामन्यांत १८ गोल केले. तो उच्चांक अजून कोणी मोडलेला नाहीं. तो त्याचा लीगमधला अखेरचा सामना ठरला, कारण त्यानंतर वेतन अधिक मिळतें म्हणून तो हॅमिल्टन या खेड्याकडच्या गांवीं खेळावयास निघून गेला. एका दिवसाच्या पराक्रमावर निवड केली, तर संघ म्हणजे अठरा चमत्कारांचें प्रदर्शन होईल. एक पुरा हंगाम धरला तरी दैवाचा वांटा बराच राहतो. दोन सलग हंगाम, हें माप त्यांतल्या त्यांत रास्त वाटतें. पहिल्या वर्षीं नव्या गड्याची युक्ति कोणास ठाऊक नसते. दुसऱ्या वर्षीं सगळे प्रतिपक्ष ती पाठ करून आलेले असतात, आणि तरीही जो आवरत नाहीं त्याचा बहर खरा.

बहर त्या काळच्या इतर गड्यांशींच ताडून पाहावा लागतो, हेंही विसरूं नये. कोलमनच्या काळचे खेळाडू दिवसभर नोकरी करून संध्याकाळीं सरावाला येत आणि शनिवारीं चिखलांत खेळत. १९७८ पर्यंत एकदां बदललेल्या गड्यास त्या सामन्यांत पुन्हां मैदानांत येतां येत नसे. आजच्या पगारी खेळाडूंशीं त्यांची धांव घड्याळ लावून मोजणें हा शुद्ध अन्याय होय.

दुसरी अट जागेची. ज्या जागेवर बहर आला त्याच जागेवर गड्याला उभें केलें पाहिजे. १९९६ च्या संघांत येथेंच घोटाळा झाला. जॉन निकोल्स हा कार्लटनचा मुख्य 'रकमन', म्हणजे पंचानें उडविलेल्या चेंडूवर झेंप घेणारा उंच गडी. त्याला मागच्या कोपऱ्यांत ठेवलें, कारण ती जागा जीलाँगच्या ग्रॅहम 'पॉली' फार्मरनें घेतली होती. रकमनच्या पायाशीं राहून चेंडू उचलणारा चपळ गडी तो 'रोव्हर'. बॉब स्किल्टन, हेडन बंटन, डिक रेनल्ड्स हे तिघेही रोव्हर आणि तिघांनींही ब्राउनलो पदक, म्हणजे पंचांच्या मतांनीं मिळणारें वर्षांतल्या उत्कृष्ट खेळाडूचें पदक, तीन-तीन वेळां मिळविलेलें. जागा मात्र एक! म्हणून रेनल्ड्सला पुढच्या बगलेवर धाडलें आणि बंटनला पुढच्या कोपऱ्यांत बसविलें. बहराच्या कसोटीनें रोव्हरची जागा बंटनची आहे. लीगमध्यें पाऊल ठेवल्यावर १९३१ व १९३२ या पहिल्या दोन्ही हंगामांत त्यानें पदक घेतलें. पुढचा कोपरा हॉथॉर्नच्या ली मॅथ्यूजला द्यावा. तोही रोव्हरच; परंतु जुन्या पद्धतींत रोव्हर दमला कीं त्याच कोपऱ्यांत विसावा घेई, आणि मॅथ्यूजनें १९७७ सालीं असा 'विसावा' घेत ९१ गोल केले. तेव्हां ही जागा त्याला परकी नव्हे.

फार्मरची जागा हलविण्याचें कारण नाहीं. पश्चिम ऑस्ट्रेलियांतून तो १९६२ सालीं जीलाँगला आला, पहिल्याच सामन्यांत गुडघा दुखावून बसला, आणि पुढच्या वर्षीं परत येऊन संघाला अजिंक्यपद मिळवून दिलें. अडचणींत सापडलें म्हणजे कसाबसा द्यावयाचा तो मुठीचा ठोसा त्यानें लांब पल्ल्याचें शस्त्र बनविला. त्याच्याबरोबर फिरावयास बॅरासी असावा, याविषयीं मतभेद होण्याचें कारण दिसत नाहीं.

मागल्या फळीविषयीं थोडक्यांत सांगणेंच बरें. गोल करणाऱ्याचे आंकडे असतात. जो गोल झालाच नाहीं त्याची नोंद कोठें सांपडणार? पंचांचीं मतें बहुधा मध्यावर चेंडू खेळविणाऱ्यांकडे जातात. जीलाँगच्या बर्नी स्मिथनें मागच्या कोपऱ्यांतून १९५१ सालीं पदक मिळविलें, हा मोठाच अपवाद. त्या वर्षीं व पुढच्या वर्षीं जीलाँग अजिंक्य ठरलें, तेव्हां दोन हंगामांची अटही पुरी होते. त्याच्या पुढें टेड व्हिटन, बाजूस डूल आणि मरे, मागें सिल्व्हान्यी, अशी १९९६ चीच मांडणी राहूं द्यावी.

मध्यभागीं इयन स्ट्युअर्ट. १९६५ आणि १९६६ अशीं लागोपाठ दोन पदकें, आणि दुसऱ्या वर्षीं सेंट किल्डाचें एका गुणानें मिळविलेलें अजिंक्यपद. त्या क्लबाला तें एकदांच लाभलें आहे. पुढल्या फळीच्या मध्यावर मात्र जुना संघ बदलावा लागतो. रिचमंडचा रॉइस हार्ट मोठा खेळाडू खरा, पण नव्वदाच्या दशकांतला नॉर्थ मेलबर्नचा वेन कॅरी ऐन भरांत असतां त्याला अडविण्याचा उपाय कोणा शिक्षकास सुचत नव्हता. एका बगलेवर रिचमंडचा डस्टिन मार्टिन घ्यावा. २०१७ सालीं ब्राउनलो पदक, अंतिम सामन्यांतील उत्कृष्ट खेळाडूचें नॉर्म स्मिथ पदक आणि अजिंक्यपद हीं तिन्हीं एकाच वर्षीं मिळविणारा तो पहिला. शिवाय २०१९ व २०२० सालींही नॉर्म स्मिथ पदक त्याचेंच.

या सगळ्या यादींत एक उणीव राहते. लीगच्या वहींत ज्याचें नांव नाहीं तो खेळाडूच नव्हे, असा मेलबर्नकरांचा थोडा भाव असतो. ॲडलेडचा बॅरी रॉब्रन मेलबर्नच्या लीगमध्यें कधींच खेळला नाहीं. दक्षिण ऑस्ट्रेलियाचें मगॅरी पदक त्यानें १९६८, १९७० आणि १९७३ अशा तीन वर्षीं मिळविलें. १९७१ आणि १९७२ सालीं त्याचा नॉर्थ ॲडलेड क्लब आपल्या राज्यांत अजिंक्य होता, आणि १९७२ सालीं त्यानें मेलबर्नच्या अजिंक्य कार्लटनलाही एका गुणानें हरविलें. १९७४ सालीं व्हिक्टोरियाविरुद्ध खेळतांना रॉब्रनचा गुडघा मोडला. कारकीर्द मोजणाऱ्याला तो दिसतच नाहीं. बहर मोजणाऱ्यानें त्याला निदान बाकावर, पहिल्या राखीव जागेवर, बसविलेंच पाहिजे.

या न्यायाची किंमत हॉथॉर्नचा मायकेल टक मोजतो. १९७२ पासून १९९१ पर्यंत ४२६ सामने आणि सात अजिंक्यपदें. पण ब्राउनलो पदक एकदांही नाहीं. त्याच्या झाडाला बहर असा आलाच नाहीं, फळ मात्र दर साल आलें. बहराच्या संघांत त्याला जागा नाहीं, आणि हें सांगतांना निवडणाऱ्याची मान थोडी खालीं गेली तर तें योग्यच होईल.

राहतां राहिला पुढच्या टोकाचा गडी. या एका जागेसाठीं चौघे उभे आहेत. साउथ मेलबर्नच्या बॉब प्रॅटनें १९३३ सालीं १०९ आणि १९३४ सालीं १५० गोल केले. १९३५ च्या अंतिम सामन्याच्या आदल्या दिवसांत ट्रॅममधून उतरतांना त्याला मालमोटारीची धडक बसली आणि तो सामना हुकला. जीलाँगच्या गॅरी ॲब्लेटनें, बत्तिशीच्या आसपास, १९९३ सालीं अवघ्या १७ सामन्यांत १२४ गोल केले आणि पुढचीं दोन्ही वर्षें सव्वाशेच्या आगेमागे राहिला. कोलमननें १९४९ सालीं पदार्पणांतच १२ गोल केले, आणि त्या हंगामांतला शंभरावा गोल अंतिम सामन्याच्या शेवटच्या मिनिटांत मारला. पुढच्या वर्षीं १२०. १९५४ सालीं एका शनिवारीं त्यानें १४ गोल केले, पुढच्या सामन्यांत गुडघा निखळला, आणि वयाच्या पंचविशींत खेळ संपला. चौवेचाळिसाव्या वर्षीं तो वारलाही.

चौथा हॉथॉर्नचा पीटर हडसन. १९७० सालीं १४६, १९७१ सालीं १५०. दर सामन्याची सरासरी काढली तर हडसनची ५.६४ आणि कोलमनची ५.४८. उंच उडून झेल घेण्यांत कोलमन डोळ्यांचें पारणें फेडणारा. हडसन जमिनीवरचा, साधा, जेथें चेंडू येणार तेथें आधींच जाऊन उभा राहणारा. १९७१ च्या अंतिम सामन्यांत प्रॅटचा उच्चांक मोडावयास त्याला चार गोल हवे होते. डोक्याला मार लागून तो भोंवंडल्यासारखा खेळत होता, तरी तीन झाले. चौथा साधण्याची संधि आली तेव्हां चेंडू समोर उभ्या असलेल्या गड्यावर आपटला. पाहणाऱ्याचा जीव कोलमनवर जडतो, हें खरें. पण दोन सलग हंगामांचें माप एकदां स्वीकारल्यावर जागा हडसनची. ॲब्लेटला दुसरी बगल द्यावी, कारण १९८९ च्या अंतिम सामन्यांत, संघ हरत असतां, त्यानें ९ गोल केले तेव्हां तो टोकाचा गडी नव्हता. येथें दोन हंगामांचा नियम निवडणाऱ्यानें थोडा वांकविला आहे, हें कबूल केलें पाहिजे.

१९७२ च्या पहिल्याच सामन्यांत, मध्यंतरापूर्वीं ८ गोल झाले असतां, हडसनचा गुडघा गेला आणि तो टास्मानियांत आपल्या घरीं परतला. पुढच्या वर्षीं हंगामाच्या अखेरीस क्लबानें त्याला एका सामन्यासाठीं बोलाविलें. तो विमानानें मेलबर्नला आला, हेलिकॉप्टरनें मैदानावर उतरला, आणि अधू गुडघ्यानें कॉलिंगवूडविरुद्ध ८ गोल करून गेला. १९७७ सालीं तो एक पुरा हंगाम खेळावयास पुन्हां आला, तेव्हां त्याचे ११० गोल झाले.