प्रश्न मान्य होतो म्हणजे काय होते?

(नागपूर येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



समाजात दुःख आहे, एवढ्याने ते शासनाच्या दप्तरी दाखल होत नाही. शेतकऱ्याचे कर्ज, विधवेची उपासमार, गुराख्याच्या पोराचे शाळेबाहेर राहणे, या गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या चालू होत्या आणि त्यांना नावेही होती. कोणी त्यांना नशीब म्हणे, कोणी रीत, कोणी पूर्वजन्मीचे पाप. या नावांविरुद्ध बंड करून ‘हे दैव नव्हे, ही व्यवस्था आहे’ असे कोणी ठणकावून सांगतो, तेव्हा प्रथम प्रश्न जन्माला येतो. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून हेच केले. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्स यांनी १९५९ साली व्यक्तीची अडचण आणि समाजाचा प्रश्न यांतील भेद विद्यापीठांना समजावून दिला. महाराष्ट्राला तो पाऊणशे वर्षे आधी ठाऊक झालेला होता.

परंतु प्रश्न जन्माला येणे वेगळे आणि शासनाने तो आपला मानणे वेगळे. या दोहोंच्या मधले अंतर किती आणि ते कोणी, कसे तोडायचे, हा चळवळीपुढचा खरा प्रश्न होय. त्याचे उत्तर शोधण्यासाठी नागपूरच्या बाहेर जाण्याची गरज नाही.

२८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला जी आश्वासने मिळाली, त्यांपैकी वर्षातून एक अधिवेशन नागपूरला भरविण्याचे आश्वासन तेवढे डोळ्यांना दिसेल अशा रीतीने पाळले जाते. १९६० पासून बहुतेक हिवाळ्यांत मंत्रालय नागपुरात उतरते आणि त्यामागोमाग मोर्चे येतात. अंगणवाडी सेविका येतात, विनाअनुदानित शाळांचे शिक्षक येतात, विडी कामगार, कोतवाल, प्रकल्पग्रस्त येतात. पोलीस ठरलेल्या जागी मोर्चा अडवतात, शिष्टमंडळाला आत नेतात, मंत्री निवेदन स्वीकारतात, ‘सहानुभूतीपूर्वक विचार करू’ असे सांगतात, आणि रात्रीच्या गाडीने माणसे परत जातात. लोकशाहीतील हा एक विधीच बनून गेला आहे. विधीचा गुण असा की, त्यात सर्व काही वेळेवर होते आणि काहीही घडत नाही.

२३ नोव्हेंबर १९९४ रोजी गोवारींचा मोर्चा आला, तो याच विधीसाठी. गोवारी म्हणजे पूर्व विदर्भातील गावोगावची गुरे राखणारा समाज. दिवाळीच्या पाडव्याला गायगोधनात ढाल नाचविण्याचा मान त्यांचा. वर्षातील उरलेले दिवस मात्र दुसऱ्याच्या गुरांमागे. त्यांची मागणी एका शब्दापुरती होती. अनुसूचित जमातींच्या यादीत महाराष्ट्रापुरती ‘गोंड गोवारी’ अशी नोंद आहे. गोवारींचे म्हणणे असे की, ती नोंद त्यांचीच. २४ एप्रिल १९८५ च्या शासननिर्णयाने मात्र गोवारी आणि गोंड गोवारी वेगळे ठरविले, आणि त्यानंतर दाखले मिळणे दुरापास्त झाले. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातील जातिजमातींवर ग्रंथ लिहिला, त्यात गोवारींच्या पोटभेदांत गोंड-गोवारींची नोंद आहे. सरकारी यादीतील दोन शब्दांमध्ये किती माणसे मावतात, असा हा वाद होता. बाहेरून तो क्षुल्लक दिसतो. ज्याच्या मुलाचे वसतिगृह, शिष्यवृत्ती आणि नोकरी त्या दोन शब्दांवर टांगलेली असते, त्याला तो क्षुल्लक वाटत नाही.

त्या दिवशी हजारो माणसे आली, बायका कडेवर मुले घेऊन आल्या. विधान भवनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटपाशी त्यांना अडविण्यात आले. दिवस मावळतीला आला तरी निवेदन घ्यायला कोणी समोर येईना. पुढे पोलिसांचे अडथळे, मागून गर्दीचा रेटा. लाठी चालली, पळापळ झाली, आणि ११४ गोवारी चेंगरून मेले. त्यांत स्त्रिया आणि मुले अधिक होती. आदिवासी विकास मंत्री मधुकरराव पिचड यांनी राजीनामा दिला. न्यायमूर्ती दाणी यांचा चौकशी आयोग नेमला गेला. कोणा एकाला त्याने दोषी धरले नाही. बंदुकीची गोळी कोणाच्या हातून सुटली ते तरी सांगता येते. उपेक्षेने मेलेल्या माणसाचा मारेकरी कोणत्याही आयोगाला सापडत नाही.

आता पाहावयाचे ते पुढचे. ११४ मृत्यूंनंतर प्रश्न ‘मान्य’ झाला. २३ नोव्हेंबरच्या सकाळपर्यंत जो समाज मुंबईच्या वृत्तपत्रांना नावानेही ठाऊक नव्हता, तो दुसऱ्या दिवशी साऱ्या देशाला कळला. शासनाने विशेष मागास प्रवर्गाचे दोन टक्के आरक्षण पुढे केले आणि १३ जून १९९५ च्या निर्णयाने गोवारींना त्यात समाविष्ट केले. कोष्टी, कोळी, मुन्नरवार असे जमातीच्या यादीशी भांडण असलेले आणखी समाजही याच प्रवर्गात आले. म्हणजे मागणी होती अनुसूचित जमातीच्या हक्काची, आणि मिळाली ती एक वेगळी ओसरी. या ओसरीवर राखीव मतदारसंघ नाही, आदिवासी उपयोजनेचा निधी नाही, केंद्राच्या सेवांत जमातीची जागा नाही. प्रश्न मान्य करताना शासनसंस्था त्याला आपल्या सोयीचा आकार देते, ही गोष्ट एवढ्या स्पष्टपणे क्वचितच दिसते. शासनाने गोवारींचे ऐकले, हे खरे. परंतु गोवारी बोलले एक आणि शासनाने ऐकले दुसरे.

चळवळीतही पुष्कळांना त्यावेळी वाटले की, काहीतरी मिळाले. भुकेल्याला अर्धी भाकर मिळाली तर ती टाकून दे, असे कोण सांगणार? परंतु अर्धी भाकर दिल्याबरोबर ताटाची नोंद ‘वाढले’ अशी होते, हेही विसरून चालत नाही. सरकारी फाईल बंद झाली. ती पुन्हा उघडण्यासाठी न्यायालयात जावे लागले आणि त्यात वर्षांमागून वर्षे गेली. १४ ऑगस्ट २०१८ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोवारींच्या बाजूने निकाल दिला. गोंड गोवारी नावाची वेगळी जमात १९११ पूर्वीच नामशेष झाली होती, तेव्हा यादीतील नोंद गोवारींचीच समजली पाहिजे, असा त्याचा आशय. गावोगाव पेढे वाटले गेले. राज्य शासन अपिलात गेले, आणि १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. मधल्या काळात ज्यांनी प्रवेश घेतले त्यांना तेवढे संरक्षण दिले.

सर्वोच्च न्यायालयाचा आधार नागपूरकरांना अपरिचित नव्हता. हलबा-कोष्टींच्या प्रकरणात २००० साली घटनापीठाने सांगितले होते की, राष्ट्रपतींच्या आदेशातील यादी जशी आहे तशी वाचावी. अमुक जात तमुक नोंदीत येते काय, याची चौकशी न्यायालयाने करू नये. नागपूरच्या विणकर वस्त्यांतील कित्येक घरांवर त्या निकालाचे सावट पडले. यादीत भर घालणे किंवा वगळणे हा राज्यघटनेच्या ३४२ व्या अनुच्छेदाप्रमाणे संसदेचा अधिकार. १९९९ पासून त्याची रीत अशी ठरली आहे: राज्याने शिफारस करावयाची, भारताच्या महानिबंधकांनी आणि अनुसूचित जमाती आयोगाने संमती द्यावयाची, मगच विधेयक. म्हणजे १९९४ साली जे दार ठोठावताना ११४ माणसे मेली, त्या दाराच्या आत किल्लीचा एक तुकडा तेवढा होता. उरलेले तुकडे दिल्लीत होते. मोर्चा चुकीच्या दारी गेला, असा याचा अर्थ नव्हे. १९८५ चा निर्णय राज्याचाच होता आणि दाखले देणारे अधिकारीही राज्याचेच. परंतु आपल्या प्रश्नाचा किती भाग कोणाच्या हाती आहे, हे मोर्चातील शेवटच्या बाईला माहीत असावे, असा आग्रह ना मंत्र्यांनी धरला, ना पुढाऱ्यांनी.

आणखी एक गोष्ट अडचणीची असली तरी बोललीच पाहिजे. गोवारींच्या मागणीला आदिवासी संघटनांचा विरोध आहे आणि तो निव्वळ द्वेषाने नाही. राखीव जागा मोजक्या, त्यांवर आधीच बनावट दाखल्यांचा घाला पडलेला. त्यात संख्येने मोठा समाज आला तर डोंगरातल्या माडिया-कोलामाच्या वाट्याला काय उरणार, अशी त्यांची विचारणा आहे. तिला समाजवाद्याने ‘नंतर पाहू’ म्हणून टाळता कामा नये. दोन वंचितांना एकाच पंगतीत अर्ध्या पानावर बसवून शासन स्वतः यजमान म्हणून मिरवते, आणि भांडण मात्र पंगतीत लागते. जमातीच्या यादीपलीकडे गुराख्याला चराई जमीन, त्याच्या मुलाला निवासी शाळा, भूमिहीनाला काम, यांपैकी काहीही मिळत नसले, तर यादीतला शब्द हाच जगण्यामरण्याचा प्रश्न होऊन बसणार. प्रश्नाला असे अरुंद रूप येते, त्यात चळवळीचाही वाटा असतो.

विदर्भातील शेतकरी आत्महत्यांची कथा निराळी नाही. १९ मार्च १९८६ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्याने पत्नी आणि मुलांसह पवनारजवळ दत्तपूर येथे जीवन संपविले. त्या घटनेपासून पंतप्रधान मनमोहनसिंग २००६ च्या जून अखेरीस विदर्भात येईपर्यंत वीस वर्षे गेली. त्याआधी उच्च न्यायालयात याचिका झाली, टाटा समाजविज्ञान संस्थेने २००५ साली आणि इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेने २००६ च्या जानेवारीत अहवाल दिले, तेव्हा कोठे मृत्यूला आकडा मिळाला आणि आकड्याला दाद. सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींची योजना जाहीर झाली. पण मदतीसाठी आत्महत्या ‘पात्र’ ठरावी लागे: सातबारा नावावर हवा, बँकेचे किंवा परवानाधारक सावकाराचे कर्ज हवे, वसुलीचा तगादा हवा. बटाईने कसणारा अपात्र, खासगी उसनवारीत बुडालेला अपात्र, आणि जिच्या नावावर शेत नाही ती बाई तर शेतकरीच नव्हे. फुल्यांचा शेतकरी इतक्या वर्षांनी सरकारी नमुन्यात आला, तो असा कापूनकुपून.

याउलट एक उदाहरण महाराष्ट्राला अभिमानाने सांगता येते. १९७२ च्या दुष्काळात लक्षावधी माणसे खडी फोडायला उभी राहिली. कामावर आणि कचेऱ्यांवर त्यांनी केलेल्या निदर्शनांतून, आणि वि. स. पागे यांच्यासारख्याच्या चिकाटीतून, भुकेचा प्रश्न मदतीचा न राहता कामाच्या हक्काचा झाला. रोजगार हमीचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला आणि त्यासाठी शहरातील नोकरदारांवर व्यवसाय कर बसला. २००५ साली केंद्राने देशासाठी कायदा केला, त्याची पाळेमुळे येथली. त्या योजनेतही हजेरीपटातील खोटी नावे आणि थकलेली मजुरी होतीच, तिची आरती ओवाळण्याचे कारण नाही. तथापि तेथे मागणी आणि मान्यता यांची भाषा एक राहिली: काम मागितले, कामाची हमी मिळाली. असे घडले याचे एक कारण हे की, खडीच्या ढिगावर मराठा, महार, धनगर, वंजारी एकाच हजेरीपटावर होते. कोणा एकाला वेगळ्या ओसरीवर बसविणे शासनाला सोपे नव्हते. दुसरे कारण असे की, मागणी अशा रूपात मांडली गेली होती की तिचे अनुदानात रूपांतर करणे कठीण जावे.

गोवारींच्या स्मरणार्थ सीताबर्डीत स्मारक उभे आहे, आणि तेथल्या उड्डाणपुलाला आदिवासी गोवारी शहीदांचे नाव आहे. ज्या समाजाला शासनाने आपल्या कागदोपत्री आदिवासी मानलेले नाही, त्याला रस्त्यावरच्या पाटीत ते आदिवासी म्हणते. २०२४ च्या प्रारंभी गोवारी तरुणांनी नागपुरात पुन्हा उपोषण केले, रस्ते अडविले. उपोषणाला बसलेल्यांत कित्येक जण असे होते की, २३ नोव्हेंबर १९९४ ला त्यांचा जन्मही झालेला नव्हता. त्यांची मागणी तीच होती. शासनाने समिती नेमली.