वकील नसलेल्याचा वकील



न्यायालयाच्या आवारात पोलिसांच्या गाडीतून बेड्या घातलेला माणूस उतरला की आपण नजर फिरवतो. ‘काही केले असेल म्हणूनच आणले ना!’ असे मनाशी म्हणून पुढे जातो. त्याच्याजवळ वकील आहे की नाही, हा विचार सहसा शिवत नाही.

तो विचार एका पोलीस अधिकाऱ्याने केला, हे विशेष. नागपूरजवळच्या कामठीत जन्मलेले आणि सीमा सुरक्षा दलाचे पहिले प्रमुख झालेले के. एफ. रुस्तमजी बिहारचे तुरुंग पाहून आले. त्यांच्या पाहणीवरून १९७९ च्या जानेवारीत ‘इंडियन एक्स्प्रेस’ने लेख छापले. गुन्हा सिद्ध झाला असता तर जेवढी शिक्षा झाली असती, त्याहून अधिक काळ काही कच्चे कैदी खटल्याविनाच आत होते. वृत्तपत्रातील तो मजकूर घेऊन कपिला हिंगोरानी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्यातूनच हुसैनारा खातून खटला उभा राहिला. गरीब आरोपीला मोफत वकील मिळणे हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातील हक्क आहे, असे न्यायमूर्ती भगवती यांनी सांगितले. ३९-अ हे कलम ४२ व्या दुरुस्तीने, १९७६ मध्ये, घटनेत आधीच आले होते. पण कागदावरचे कलम कोठडीपर्यंत पोहोचवायला कोणीतरी चालावे लागते.

पुढे १९८६ मध्ये अरुणाचलच्या सुक दास प्रकरणात न्यायालयाने शिक्षाच रद्द केली. आरोपीने वकील मागितला नव्हता, हे खरे. परंतु मागता येतो हेच ज्याला ठाऊक नाही, त्याने मागावा कसा?

नुसता वकील नेमून तरी भागते काय? मध्य प्रदेशातील खंडव्याचा एक खटला या दृष्टीने अंगावर काटा आणणारा आहे. २०१३ मध्ये ज्या दिवशी आरोपीला वकील दिला, त्याच दिवशी आरोप निश्चित झाले. पंधरवड्याच्या आत फाशीची शिक्षाही सुनावली गेली. बालिकेवरील अत्याचाराचा आणि हत्येचा तो गुन्हा होता, लोकांचा संताप स्वाभाविक होता. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द करून खटला पुन्हा चालवण्यास सांगितले. अशा प्रकरणात वकील किमान दहा वर्षांच्या अनुभवाचा असावा आणि त्याला तयारीला निदान सात दिवस मिळावेत, असेही बजावले. अखेर २०२४ मध्ये आरोपी निर्दोष सुटला. अकरा वर्षे गेली ती गेलीच; आणि त्या चिमुरडीच्या आईवडिलांना तरी कोणता न्याय मिळाला?

नेमलेल्या वकिलाचे मानधन तुटपुंजे, हातात कागद आयत्या वेळी, पक्षकाराची ओळख कोठडीबाहेरच्या बाकावर. तरीही जिद्दीने उलटतपासणी घेणारे वकील जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत, त्यांची नावे वृत्तपत्रांत येत नाहीत. २०२२ पासून अनेक जिल्ह्यांत पूर्णवेळ बचाव वकिलांची नवी व्यवस्था सुरू झाली आहे.

आणखी एक गोष्ट, आपल्या घरांसाठी. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीचे नागरिक, दिव्यांग आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही. पोटगीसाठी वणवण करणारी आपल्या वस्तीतील भगिनीही यात येते. तालुका न्यायालयातच विधी सेवा समितीचे कार्यालय असते. तिथे साधा अर्ज पुरतो, आणि १५१०० या क्रमांकावर दूरध्वनीही करता येतो.