कवठ्याच्या कपाटात काय असावं

ग्रामस्थ मंडळी, आयाबहिणींनो, आणि मागे उभ्या राहिलेल्या पोरांनो, पुढे सतरंजीवर जागा आहे, या.

मला पुस्तकांवर बोलायला सांगितलंय. आपल्या भागातल्या वाचनालयांत कादंबऱ्या असतात, थोरांची चरित्रं असतात, स्पर्धा परीक्षांचे जाडजूड ठोकळे तर सगळीकडेच. मुलं ते मन लावून वाचतात, वाचावेतच. पण घोडनदीच्या, कुकडीच्या काठाविषयी काही द्या म्हटलं, की कपाट उघडणारा थांबतो. त्या रिकाम्या खणाविषयी मला आज बोलायचंय.

पहिली गोष्ट गावातलीच. महाराष्ट्रातल्या तमाशा रसिकाला कवठे येमाई म्हटलं की गंगाराम कवठेकर आठवतात, बशीर मोमीन कवठेकर आठवतात. मोमीनांनी मुसलमान घरात जन्म घेऊन गण लिहिले, गवळणी लिहिल्या, लावण्या आणि वगनाट्यं लिहिली. दत्ता महाडिक, रघुवीर खेडकर, मंगला बनसोडे अशा नामांकित फडांवर त्यांचं लेखन गाजलं. हुंड्यावर, व्यसनावर त्यांनी लोकांना समजेल अशा भाषेत गाणी रचली. राज्य शासनाचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला. 2021 साली ते गेले. या माणसाला मी साहित्यिक म्हणतो, आणि कुठलंही विशेषण न लावता म्हणतो. हजारो माणसं रात्र जागून ज्याचे शब्द ऐकतात, त्याच्या शब्दांना कपाटात जागा का नसावी?

फडावरची वही कधी हातात घेऊन बघा. वगाची सगळी संभाषणं तिच्यात सापडायची नाहीत. जुन्या वगात कथेचा सांगाडा आणि पदं एवढंच ठरलेलं. बाकीचं सरदार आणि सोंगाड्या उभ्या उभ्या रचायचे, समोरचं गाव बघून बदलायचे. पदाच्या डोक्यावर मात्र एक शब्द हमखास असतो, ‘चाल’, आणि त्यापुढे कुठल्यातरी आधीच्या गाण्याचं नाव. लिहिणाऱ्याला तेवढं पुरायचं. तेव्हा ते गाणं सगळ्यांच्या ओठावर होतं. आज ते कुणालाच येत नसेल, तर वही शाबूत असूनही पद मुकं होतं. म्हणून नुसतं छापून भागणार नाही. ज्या ढोलकीवाल्याला, ज्या सुरत्याला ती चाल येते, त्याच्यासमोर बसून ती म्हणवून घ्यायला हवी, आणि ती आजच.

दुसरी गोष्ट इनामगावची. आपल्याच तालुक्यात, घोडनदीच्या काठी. 1968 पासून डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी तिथं अनेक हंगाम उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातली मोठी नावं. तीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती निघाली. घरं, धान्याची कोठारं, नदीचं पाणी वळवणारा पाट, जमिनीखाली रांजणात पुरलेली लहान मुलं. एका घरात मातीची पेटी मिळाली, सोबत एक स्त्रीमूर्ती आणि एक बैल. मूर्तीला शिर नाही. तिच्या पोटाला भोक, बैलाच्या पाठीला भोकं. काडी घातली की ती बैलावर बसते. कुणाचे तरी हात ती काडी घालत असतील, काहीतरी मागत असतील. पाऊस, पीक, पोर? हे वाचलं आणि मी बराच वेळ पान उलटलं नाही.

मग रा. चिं. ढेरे यांचं ‘लज्जागौरी’ वाचलं. शिर नसलेल्या मातृदेवतेचा माग काढत ते रेणुका-यल्लमापर्यंत येतात. आपण येमाईला रेणुकेचंच रूप मानतो. इनामगावची ती देवी म्हणजेच आपली येमाई, असं मी म्हणणार नाही. मधल्या एवढ्या शतकांचा दुवा कुणी जोडून दाखवलेला नाही. पण देवळात हात जोडताना मला आता ती मातीची पेटीही आठवते आणि माझी श्रद्धा त्यानं उणावत नाही, उलट तिला खोली येते. इनामगावच्या उत्खननाचा मोठा अहवाल 1988 साली इंग्रजीत निघाला. त्यातलं निदान एक प्रकरण आपल्या मुलांना मराठीत वाचता यायला हवं.

तिसरी गोष्ट टाकळी हाजीच्या कुंडांची, म्हणजे कुकडीतल्या रांजणखळग्यांची. रांजणखळग्यांची व्याख्या मुलं पाठ करतात, गुण मिळवतात. कुंडावर जातात ती मळगंगेच्या दर्शनाला. कुकडीच्या भोवऱ्यात अडकलेला गोटा जात्यासारखा फिरून काळा कातळ कसा कोरतो, हे तिथंच त्यांना भूगोलाचं पुस्तक उघडून दाखवावं.

म्हणून एक मागणी करतो. वाचनालयात एक खण याच भागासाठी ठेवा. ज्यांच्या घरी फडाच्या वह्या, बाडं, जुनी हँडबिलं असतील, त्यांनी ती रद्दीत घालू नयेत. वही घराबाहेरही नेऊ नका. घरच्यांच्या परवानगीनं मोबाईलवर पानापानाचे फोटो काढा. फोटोंसोबत एका कागदावर लिहिणाऱ्याचं नाव, फड, अदमासे साल, आणि ती चाल आज कुणाला येते त्याचं नाव, एवढं लिहून ठेवा. मोबाईल मागे उभ्या असलेल्या पोरांकडे आहेतच. हे काम त्यांचं.