सोनोग्राफीतली एक ओळ

सोनोग्राफीच्या रिपोर्टात ‘फॅटी लिव्हर, ग्रेड एक’ अशी ओळ दिसते आणि आपण म्हणतो, हे काय, सगळ्यांनाच असतं! असेल. पण फॅटी लिव्हर असलेल्यांच्या मृत्यूचं सर्वांत मोठं कारण यकृताचा आजार नसून हृदयविकार आहे.

असं का व्हावं? यकृतात चरबी साठली, की ते ती ट्रायग्लिसराइडच्या रूपात मोठ्या कणांत भरून रक्तात सोडत राहतं. या गडबडीत कोलेस्टेरॉल वाहणारे एलडीएलचे कण लहान आणि घट्ट होतात. तेवढंच कोलेस्टेरॉल वाहायला मग जास्त कण लागतात. माल तोच, पण टेम्पोऐवजी रिक्षा. रस्त्यावर गर्दी होणारच! आणि धमनीच्या भिंतीत घुसतो तो कणच. म्हणून एलडीएलचा आकडा ठीक दिसला, तरी निर्धास्त होऊ नये. अशा प्रत्येक कणावर अपो-बी नावाच्या प्रथिनाचा एकच रेणू असतो. तो मोजला की कणांची शिरगणती होते.

‘मी तर सडपातळ आहे,’ म्हणता? पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना छापली. दोघांचा बीएमआय २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२! म्हणजे सडपातळ दिसलं, तरी आत चरबी असू शकते.

तेव्हा डॉक्टरांकडे जाताना सोनोग्राफीचा कागद आणि लिपिड प्रोफाइल, दोन्ही बरोबर न्या. आणि अपो-बीबद्दल जरूर विचारा.